उसाच्या मळ्यातील वाडा

जुना वाडा म्हटला की मराठी माणसाच्या मनात एक ठरावीक चित्र उभे राहते. दिंडीदरवाजा, आतला चौक, सागवानी खांब, ओसरीवरचा झोपाळा आणि माजघरातला थंडगार अंधार. वाड्याच्या धन्याचे नाव गावाला पाठ असते. ते नाव धारण करणारी माणसे परगावी गेली, वाड्याला कुलूप लागले, तरी वाडा त्यांच्याच नावाने ओळखला जातो. परंतु ज्यांच्या कष्टांच्या कमाईवर तो वाडा उभा राहिला त्यांची नावे वाड्याच्या कोणत्याही तुळईवर कोरलेली नसतात. वाड्याच्या जतनाचा प्रश्न निघाला म्हणजे ही उणीव प्रकर्षाने जाणवते. दगड, लाकूड आणि कौल यांचे जतन केल्याने इतिहासाचे जतन होते काय, की त्याच्या एका बाजूचेच होते, हा तो प्रश्न होय.

या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट दर्शन ज्या भूमीवर घडते ती महाराष्ट्रापासून फार दूर आहे, आणि तरीही मराठी भाषेला ती परकी नाही. हिंदी महासागरातील मॉरिशस बेट ही ती भूमी. त्या बेटाची राजधानी पोर्ट लुई. तिच्या दक्षिणेकडील डोंगर ओलांडले की मोका नावाचे उंचवट्यावरील, थंड हवेचे गाव लागते. तेथे मोका नदीच्या घळीशेजारी, गर्द झाडीत, एक पांढरा लाकडी वाडा उभा आहे. त्याचे नाव युरेका. हा वाडा १८३०च्या सुमारास बांधला गेला. १८५६मध्ये तो लिलावात निघाला आणि यूजेन लेक्लेझियो नावाच्या धनाढ्य कायदेपंडिताने तो विकत घेतला. आपली बोली मान्य होताच त्यांच्या तोंडून आर्किमिडीजचा तो प्रसिद्ध उद्गार बाहेर पडला आणि तेच वाड्याचे नाव झाले, अशी आख्यायिका तेथे सांगितली जाते. २००८मध्ये साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळवणारे फ्रेंच कादंबरीकार ल क्लेझियो हे याच घराण्याच्या एका शाखेतले, आणि मॉरिशसची आठवण त्यांच्या लेखनात पुन्हापुन्हा डोकावते.

युरेकाचे बांधकाम पाहिले तर कोकणातील घर जाणणाऱ्या माणसाला काही गोष्टी ओळखीच्या वाटतील. घराच्या बाजूंनी रुंद पडवी फिरवलेली आहे. तिला तेथील फ्रेंच बोलीत 'वरांग' म्हणतात. उन्हाचा ताप भिंतीपर्यंत येऊ नये आणि पावसाची झड घरात शिरू नये, हा तिचा हेतू. दारे आणि खिडक्या मिळून एकशे नऊ आहेत असे तेथे सांगतात. वारा कोणत्याही दिशेने आला तरी घरातून आरपार वाहावा, अशी ही योजना होती. स्वयंपाकघर मुख्य घरापासून निराळे, मागच्या अंगास, दगडी भिंतींचे. लाकडी घराला आगीचे भय मोठे, म्हणून चूल दूर ठेवण्याची ही पद्धत. त्या काळच्या मळेवाल्यांच्या बहुतेक वाड्यांवर कौलांऐवजी लाकडाच्या पातळ चिपा एकावर एक बसवून छप्पर केले जाई. हवेचा दाह, वादळाचा मारा आणि पावसाचा जोर या तिन्हींचा विचार करून घडवलेली ही वास्तुपद्धती आहे. तिच्यात युरोपचा आकार आणि उष्ण कटिबंधाचे शहाणपण यांचा संगम झाला आहे.

हे शहाणपण आणि हे सौंदर्य ज्या संपत्तीतून उभे राहिले ती संपत्ती म्हणजे ऊस. मॉरिशस बेटावर मूळची मनुष्यवस्ती नव्हती. डच दर्यावर्द्यांनी १५९८मध्ये या बेटाला आपल्या राजपुत्राचे नाव दिले, आणि १६३९मध्ये त्यांनीच जावा बेटातून ऊस आणून तेथे लावला. १७१०मध्ये डच निघून गेले, १७१५मध्ये फ्रेंच आले. त्यांचा कर्तबगार गव्हर्नर माहे द लाबूर्दोने याने १७३५ नंतर पोर्ट लुई बंदर उभारले आणि साखरेच्या धंद्याला चालना दिली. १८१०च्या अखेरीस इंग्रजांनी बेट जिंकून घेतले. मात्र फ्रेंच मळेवाल्यांच्या जमिनी, त्यांची भाषा, त्यांचा धर्म आणि त्यांचे कायदे यांना त्यांनी हात लावला नाही. म्हणूनच इंग्रजी निशाणाखालीसुद्धा या बेटावरचे वाडे फ्रेंचच राहिले.

या वाड्यांच्या भरभराटीला खरी सुरुवात झाली ती १८२५मध्ये. त्या वर्षी इंग्लंडच्या सरकारने मॉरिशसच्या साखरेवरील जकात वेस्ट इंडीजच्या साखरेइतकीच कमी केली. त्यासरशी बेटावरची जंगले तुटू लागली आणि जिकडे तिकडे ऊस दिसू लागला. उसाचा एक गुणधर्म असा, की तोडल्यानंतर तो फार काळ ठेवता येत नाही. त्याचा रस लवकर काढला नाही तर साखरेचा उतारा घटतो. बैलगाडीच्या वाटेने दूरच्या कारखान्यात ऊस नेणे त्या काळी परवडण्यासारखे नव्हते. म्हणून प्रत्येक मोठ्या मळ्यावर स्वतंत्र चरक आणि स्वतंत्र काहिली आल्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास एवढ्याशा बेटावर असे अडीचशेंहून अधिक कारखाने होते. कारखाना तेथे धनी, आणि धनी तेथे वाडा, असा हा क्रम होता. वाड्याच्या पडवीतून धन्याला धुराडे दिसे आणि धुराड्याच्या पलीकडे मजुरांच्या झोपड्या दिसत.

त्या झोपड्यांतून प्रथम राहिले ते आफ्रिका आणि मादागास्कर येथून आणलेले गुलाम. मॉरिशसमधील गुलामगिरी कायद्याने बंद झाली ती १ फेब्रुवारी १८३५ रोजी. त्या वेळी साठ हजारांहून अधिक माणसे बंधमुक्त झाली. या सुटकेबद्दल ब्रिटिश सरकारने भरपाई दिली, परंतु ती ज्यांनी बंधन सोसले त्यांना नव्हे; ज्यांची मालमत्ता म्हणून ती माणसे गणली जात होती, त्या मालकांना. मॉरिशसच्या वाट्याला आलेली ही रक्कम सुमारे एकवीस लक्ष पौंड होती. सुटलेल्या गुलामांनी आपला छळ झाला त्या मळ्यांवर पुन्हा पाऊल ठेवण्याचे शक्यतो टाळले. हाताशी पैसा आहे, जमीन आहे, बाजार आहे, पण ऊस तोडावयास माणूस नाही, अशी मळेवाल्यांची स्थिती झाली. तेव्हा त्यांची दृष्टी हिंदुस्थानकडे वळली.

२ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलस' नावाचे जहाज कलकत्त्याहून छत्तीस मजूर घेऊन पोर्ट लुईला आले. पाच वर्षांचा करार, दरमहा पाच रुपये पगार, आणि त्याशिवाय तांदूळ, डाळ, मीठ यांचा शिधा, अशा त्यांच्या अटी होत्या. बेटाच्या उत्तर भागातील आंतोआनेत या मळ्यावर त्यांना कामास लावण्यात आले. हा प्रयोग यशस्वी झाला असे मळेवाल्यांना वाटले, आणि पुढे विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख हिंदी स्त्रीपुरुष याच मार्गाने त्या बेटावर उतरले. पोर्ट लुईच्या धक्क्यावरील ज्या आवारात त्यांची नोंद होई त्याला पूर्वी कुली घाट म्हणत. आज त्याचे नाव आप्रवासी घाट आहे. धक्क्यावरून वर जाण्यासाठी तेथे सोळा दगडी पायऱ्या आहेत. असंख्य नवागतांची पावले त्या पायऱ्यांवर पडली. १८६१पर्यंत बेटाच्या लोकसंख्येत हिंदी लोक निम्म्याहून अधिक झाले होते.

यांतील बहुसंख्य मजूर कलकत्ता बंदरातून गेले, त्यांखालोखाल मद्रासहून. मुंबई बंदरातून गेलेल्यांची संख्या या दोहोंच्या मानाने थोडी होती. परंतु त्या थोड्यांत रत्नागिरी आणि त्याच्या आसपासच्या मुलखातील मराठी माणसे होती. कोकणातील जमीन तुटपुंजी, पाऊस उदंड आणि पीक बेताचे. घरातील एखाददुसऱ्या माणसाने बाहेर पडून पोटापाण्याचा उद्योग पाहावा, ही त्या मुलखाची जुनी रीत. १८५३मध्ये मुंबईत आगगाडी धावू लागली, १८५६मध्ये पहिली कापडगिरणी सुरू झाली, आणि पुढे कोकणातील चाकरमान्याला समुद्र ओलांडण्याची गरज उरली नाही. त्याच्या अगोदर आणि त्या सुमारास जे निघाले त्यांतले काही गिरणीऐवजी उसाच्या फडात पोहोचले. एकाच गावातले दोन शेजारी, एक परळच्या चाळीत आणि एक मॉरिशसच्या मळ्यात, असे नशिबाचे दोन फाटे त्या काळी फुटले.

मळ्यावरील आयुष्य कसे होते याची कल्पना कायद्याच्या एकाच कलमावरून येते. मजूर एक दिवस कामावर आला नाही, तर त्याची दोन दिवसांची मजुरी कापली जाई. याला तेथे दुहेरी काट असे नाव होते. आजारी पडलेला माणूस महिनाअखेर धन्याचाच देणेकरी निघे. करार संपल्यावरही सुटका नव्हती. १८६७च्या कायद्याने करारमुक्त मजुराला छायाचित्र लावलेला परवाना सदैव जवळ बाळगणे भाग पडले. तो जवळ नसेल तर भटक्या ठरवून पोलीस त्याला पकडत आणि तुरुंगात टाकत. कामाचे स्वरूपही साधे नव्हते. मॉरिशसची जमीन ज्वालामुखीच्या लाव्ह्याची. ऊस लावण्यापूर्वी काळे दगड हातांनी वेचावे लागत. ते शेताच्या कडेला किंवा मध्येच रचून ठेवीत. उसाच्या हिरव्या पिकातून डोके वर काढणारे काळ्या दगडांचे ते प्रचंड ढीग आणि लांबच लांब गडगे ही त्या मजुरांच्या हातांची बेटावरील सर्वांत मोठी बांधकामे होत. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाची ज्यांना बालपणापासून सवय होती, त्यांना परमुलखातही तोच पाषाण भेटला.

या व्यवस्थेविरुद्ध पहिला मोठा आवाज उठला तो एका मळ्याच्याच घरातून, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. अडोल्फ द प्लेव्हिट्झ हा गृहस्थ नूव्हेल देकूव्हेर्त येथे आपल्या सासऱ्यांच्या मळ्याची व्यवस्था पाहत असे. मजुरांचे हाल त्याला पाहवेनात. त्याने १८७१मध्ये त्यांच्या वतीने गव्हर्नरकडे अर्ज केला. त्या अर्जाला ९,४०१ जुन्या मजुरांची संमती होती. मळेवाले त्याच्यावर चवताळून उठले. परंतु अर्जाचा परिणाम झाला. १८७२मध्ये इंग्लंडहून फ्रियर आणि विल्यमसन यांचे चौकशी मंडळ आले, १८७५मध्ये त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि १८७८मध्ये मजुरांसंबंधीचा सुधारलेला कायदा अमलात आला. वाड्यातील सगळीच माणसे एकाच मापाने मोजता येत नाहीत, हेही या हकिगतीतून दिसते.

इकडे वाड्यांचे वैभव वाढत असतानाच त्यांच्या ऱ्हासाची बीजेही पडत होती. १८६६ ते १८६८ या काळात हिवतापाच्या साथीने सखल प्रदेशात हजारो बळी घेतले. ज्यांना शक्य होते ती कुटुंबे पोर्ट लुई सोडून मोका, क्युरपीप अशा उंच आणि थंड ठिकाणी राहावयास गेली. १८६४मध्ये आगगाडी सुरू झाली. तिच्यामुळे आणि वाफेच्या मोठ्या यंत्रांमुळे दूरचा ऊस एका जागी गाळणे सोपे झाले. लहान कारखाने एकामागून एक बंद पडले आणि मोठ्या कंपन्यांत विलीन झाले. धन्याला मळ्यावरच राहण्याचे कारण उरले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात साखरेचे भाव उतरले, तेव्हा मळेवाल्यांनी कडेच्या निकस जमिनींचे तुकडे पाडून ते विकावयास काढले. ते घेणारे होते पै पै साठवलेले जुने करारबद्ध मजूर. वाडा जिथे खचू लागला तिथेच मजुराचे स्वतःचे घर उभे राहू लागले. मॉरिशसच्या इतिहासातील ही सर्वांत शांतपणे घडलेली क्रांती होय.

त्यातच वादळांचा तडाखा. १८९२च्या एप्रिलमधील चक्रीवादळाने आणि १९६०च्या फेब्रुवारीतील 'कॅरोल' वादळाने बेटावरची असंख्य घरे जमीनदोस्त केली. 'कॅरोल' नंतर लाकडाची जागा सिमेंटने घेतली. मजुरांच्या गवताच्या झोपड्या गेल्या आणि त्यांच्या जागी पक्की घरे आली. ते इष्टच होते. परंतु त्याबरोबर लाकडी चिपांचे छप्पर बसवणारे, जुन्या तुळया जोडणारे कारागीरही कमी होत गेले. १२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाले. ज्या मजुरांच्या पूर्वजांनी परवाने बाळगले होते त्यांचे नातू राज्यकारभार पाहू लागले. जुन्या वाड्यांविषयी त्यांच्या मनात ममता असावी, अशी अपेक्षा कोणी करू शकत नव्हते.

तरीही काही वाडे वाचले, आणि ते कसे वाचले हे जाणून घेण्यासारखे आहे. दक्षिणेकडील सेंत ओबँ हा १८१९चा वाडा मूळचा कारखान्याला लागून होता. यंत्रांचा खडखडाट सोसवेना, म्हणून १९७०च्या दशकात तो संपूर्ण उकलून थोड्या अंतरावर जसाच्या तसा पुन्हा उभारण्यात आला. लाकडी सांगाड्याचे घर असे हलवता येते, हा या वास्तुपद्धतीचा एक मोठा गुण. उत्तरेकडील मापू येथील लाबूर्दोने वाडा क्रिस्तियाँ व्हीए या मळेवाल्याने बांधला आणि तो १८५९मध्ये पुरा झाला. २००६ ते २०१० या काळात त्याचा जीर्णोद्धार झाला आणि तो लोकांसाठी खुला करण्यात आला. युरेका तर त्याच्या आधीच, १९८०च्या दशकात, संग्रहालय झाला. आज तेथे येणारा प्रवासी जुने फर्निचर पाहतो, पडवीत बसून जेवतो आणि घळीतील धबधब्यांपर्यंत उतरून जातो. बो प्लाँ येथील साखर कारखाना १९९९मध्ये बंद पडला, तेव्हा त्याच्या इमारतीतच २००२मध्ये साखरेचे संग्रहालय उघडण्यात आले. पूर्वी ज्या बेटावर शेकडो धुराडी होती तेथे चालू कारखाने आता बोटांवर मोजण्याइतकेच उरले आहेत. युरोपातील बाजाराने १९७५पासून दिलेली भावाची हमी २००९मध्ये संपली आणि मळ्यांच्या मालकांनी उसाच्या जमिनींकडे पर्यटन आणि घरबांधणी यांच्या दृष्टीने पाहावयास सुरुवात केली. वाड्यांचे जतन हे अंशतः या नव्या व्यवसायाचे फळ आहे.

येथे मूळ प्रश्न उपस्थित होतो. पडवीत बसून चहा घेणाऱ्या प्रवाशाला वाडा दिसतो. धुराड्यापलीकडील झोपडी दिसत नाही. ती गवताची होती, म्हणून ती वाऱ्याबरोबर गेली. दगडांचे ढीग मात्र टिकण्यासारखे होते. परंतु यंत्राने ऊस तोडावयाचा तर शेत मोकळे हवे, म्हणून अलीकडच्या काळात तेही अनेक ठिकाणी उपटून टाकण्यात आले. श्रीमंताचे स्मारक टिकाऊ लाकडाचे आणि गरिबाचे स्मारक शेतीच्या आड येणारे, असा हा विषम न्याय आहे. अशा स्थितीत मजुरांच्या वंशजांनी धन्याचा वाडा का जपावा, असे कोणी विचारले तर तो प्रश्न उद्धट ठरत नाही.

त्याला एक उत्तर असे दिले जाते, की वाडा पाडून टाकावा, म्हणजे अपमानाची खूण नाहीशी होईल. हे उत्तर भावनेला पटते, पण त्याने पूर्वजांचेच नुकसान होते. वाडा नाहीसा झाला तर मळा होता याचा पुरावा नाहीसा होतो, आणि मळा विसरला गेला की त्यावर राबलेली माणसेही विसरली जातात. त्या दाराखिडक्यांतून वाहणारा गार वारा कोणाच्या घामाच्या मोबदल्यात विकत घेतला गेला, हे विचारावयास तरी वाडा उभा हवा. दुसरे उत्तर असे, की वाडा ही केवळ सुंदर वास्तू आहे आणि तिच्याकडे तेवढ्याच दृष्टीने पाहावे. हेही अपुरे आहे. हिशेबाच्या वहीतील जमेची बाजू जपून खर्चाची बाजू फाडून टाकण्यासारखे ते आहे.

खरे उत्तर मॉरिशसने स्वतःच हळूहळू शोधले आहे, आणि ते वाड्याच्या आवाराबाहेर सापडते. कात्र बोर्नजवळ त्रियानों येथे मजुरांच्या जुन्या निवासाची दगडी ओळ राष्ट्रीय वारसा म्हणून राखून ठेवली आहे. कमानीदार छताच्या त्या लहान, अंधाऱ्या खोल्या पाहिल्यावर युरेकाच्या पडवीचा अर्थ बदलतो. पोर्ट लुईचा आप्रवासी घाट २००६मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्य झाला. २ नोव्हेंबर हा करारबद्ध मजुरांच्या आगमनाचा आणि १ फेब्रुवारी हा गुलामगिरीच्या अंताचा दिवस, असे दोन्ही दिवस तेथे राष्ट्रीय सुटीचे आहेत. वाड्याची गोष्ट या दोन तारखांच्या मध्ये ठेवून वाचली तरच ती पुरी होते.

या सर्वांहून मोलाचा ठेवा मात्र दगडाचा नाही, कागदाचा आहे. युरेका ज्या मोका गावात आहे त्याच गावात महात्मा गांधी संस्था आहे. भारत आणि मॉरिशस यांच्या सहकार्याने १९७०मध्ये तिची स्थापना झाली. करारबद्ध मजुरांच्या नोंदवह्या तेथे सांभाळून ठेवल्या आहेत. प्रत्येक माणसाला एक क्रमांक. त्यापुढे त्याचे नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जात, गाव, जहाज, आणि ज्या मळ्यावर त्याला पाठवले त्याचे नाव. पुढच्या काळातील नोंदींबरोबर छायाचित्रेही आहेत. ज्यांनी या वह्या लिहिल्या त्यांचा हेतू माणसांवर नजर ठेवण्याचा होता. आज त्यांचे वंशज त्याच वह्यांतून आपल्या घराण्याचा उगम शोधतात. माणसाला क्रमांक देऊन त्याचे नाव पुसू पाहणाऱ्या कारकुनाने नकळत त्याचे नाव जपून ठेवले, हा इतिहासाचा विलक्षण खेळ म्हणावा लागेल.

मराठी माणसांच्या बाबतीत या वह्यांचे महत्त्व आणखी एका कारणासाठी आहे. कारकुनाने कानाला ऐकू आले तसे लिहिलेले पूर्वजाचे पाळण्यातले नाव हेच पुढे अनेक कुटुंबांचे आडनाव झाले. मूळ आडनाव, गाव, कुलदैवत यांचे धागे तेथे तुटले. त्या नोंदीतला गावाचा उल्लेख एवढाच दुवा उरला. त्या दुव्यावर आणि स्मरणशक्तीवर या लहान समाजाने पुष्कळ काही टिकवून धरले. व्हाकोआ, हेन्रिएटा, कास्काव्हेल या भागांत त्याच्या वस्त्या झाल्या. हेन्रिएटा येथे १८९६मध्ये गणेशोत्सव सुरू झाल्याचे सांगतात. आज गणेशचतुर्थी ही मॉरिशसची सार्वजनिक सुटी आहे. कोकणातील जाखडीचे रूप तेथे झाकरी या नावाने जगले. १९६०मध्ये मॉरिशस मराठी मंडळी फेडरेशन स्थापन झाले. घरात क्रिओल बोलणारी मुले शाळेत मराठी मुळाक्षरे गिरवतात. वाड्याला लाकूड होते, कारागीर होते आणि पैसा होता. या वारशाला आजीच्या तोंडच्या ओव्यांखेरीज आणि भजनाच्या टाळाखेरीज काही नव्हते. तरीही तो वादळांत उडून गेला नाही.

म्हणून वाड्याच्या जतनाविषयी जो धडा मॉरिशस देते तो सोपा आहे, पण आचरणास कठीण आहे. वाडा जपावा, त्याचे छप्पर, त्याच्या तुळया, त्याची पडवी, सर्व काही जपावे. परंतु त्याच्या भिंतीवर धन्याच्या तसबिरीशेजारी त्या मळ्यावर राबलेल्या माणसांची नोंदवहीतील पाने लावावीत. वाड्यापासून धुराड्यापर्यंत आणि धुराड्यापासून मजुरांच्या ओळीपर्यंत जाणारी वाट मोकळी ठेवावी. शेतातला दगडांचा निदान एक ढीग तरी जागच्या जागी राहू द्यावा. पाहणाऱ्याने वाड्यापासून निघून त्या ढिगापाशी पोहोचावे, म्हणजे त्याने इतिहासाचे खरे अंतर तोडले असे म्हणता येईल.

हा धडा महाराष्ट्रालाही लागू आहे. मुंबईत कापडगिरण्यांची धुराडी कोठे कोठे शोभेसाठी राखली गेली, पण त्या गिरण्यांत राबणाऱ्यांच्या चाळी एकामागून एक नाहीशा होत आहेत. जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीची चर्चा होते तेव्हा सरदारांची वंशावळ छापली जाते. पाथरवट, गवंडी, सुतार आणि वेठीला धरलेले कुणबी यांचा उल्लेख होत नाही. पेशवे दफ्तरात हिशेबाचे लक्षावधी कागद पडून आहेत. कोणत्या बांधकामावर किती माणसे होती, त्यांना काय रोजमुरा मिळाला, याची उत्तरे अशा कागदांतूनच निघू शकतात. मॉरिशसच्या नोंदवह्यांनी क्रमांकांतून माणसे परत मिळवून दिली. तेच काम येथील कागदांकडूनही करून घेता येईल.

युरेकाच्या पडवीतून आजही समोर डोंगर दिसतात आणि त्यांच्या पलीकडे पोर्ट लुईचा समुद्र आहे. त्या समुद्रावरूनच एके काळी वाड्याचे सामान आले आणि वाडा पोसणारी माणसेही आली. सामानाची यादी आणि माणसांची यादी, दोन्ही आता एकाच गावात, एकमेकींपासून थोड्याच अंतरावर सुरक्षित आहेत. त्या दोन याद्या शेजारी शेजारी ठेवून वाचण्याचे काम तेवढे पुढच्या पिढ्यांकडे राहिले आहे.